घर चार हात सरकवायचं होतं

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी दादासोनं हद्दीच्या एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत दोर ताणला. दोर सरळच गेला असता, पण मधे धाकट्या भावाचं, कृष्णातचं, नवंकोरं घर आडवं आलं. तेव्हा दोर पुढच्या दारातून आत शिरला, चुलीला दादासोच्या अंगाला ठेवून पुढं गेला आणि मागच्या भिंतीतून बाहेर पडला. दादासो दोरामागोमाग घरात गेला, बाहेर आला, धोतराची धूळ झाडली आणि हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला, "किसना, तुझं घर चार हात माझ्यात आलंया."

कृष्णात हातात गुढीची काठी घेऊन उभा होता. घर बांधायला लागल्यापासून दादासो रोज त्याच वाटेनं बैलं घेऊन जात होता. मेढी उभ्या राहिल्या, बांबूचे तट्टे बांधले, वर उसाचं पाचट चढलं, तेव्हा त्याला हद्द दिसली नाही. ती नेमकी पाडव्याच्या आदल्या दिवशी दिसली. आता असल्या नजरेला कुणी काय म्हणावं!

पण खडकेवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं की दादासोचा राग चार हातांचा नव्हता. बाप लवकर गेला, तेव्हापासून कृष्णातला त्यानंच वाढवलं होतं, खांद्यावर बसवून जत्रा दाखवल्या होत्या. पोरगं फौजेत गेलं, लढाई लागली, तशी त्यानं सहा वर्षं कोरेगावच्या रस्त्याकडं डोळे लावले. आणि ते पोरगं धडधाकट परत आलं, चार दिवस गोडाधोडाचं खाल्लं आणि संक्रांत होते न होते तोच म्हणालं, "दादा, आमी येगळं ऱ्हातो." दादासोला ते फार लागलं. त्यानं शेताचा वाटा मुकाट्यानं करून दिला. पण मनातलं दुखणं कुठून तरी बाहेर पडतंच, ते दोरातून पडलं.

वेगळं निघायचं कारण ऐकलंत तर हसाल. कारण होतं मीठ. कृष्णातची बायको चंद्राबाई हाताला चव असलेली बाई. पण ती चव घरात कुणाला कधी कळलीच नाही. तिनं काहीही चुलीवर ठेवलं की थोरली जाऊ बनुबाई जाता जाता त्यात मिठाची चिमूट टाकायची. चंद्राबाईनं मीठ घातलंय की नाही, हे विचारायची पद्धत नव्हती. मनात काही वाईट नव्हतं तिच्या. चूल दिसली की तिचा हात मिठाकडे जायचा, देऊळ दिसलं की दुसऱ्याचा कपाळाकडे जातो तसा. एकदा चंद्राबाईनं शहाणपणा करून मीठच घातलं नाही, म्हटलं आक्का टाकतीलच. नेमकी त्या दिवशी बनुबाई भाजीपाल्याच्या माळव्याला पाणी पाजायला गेलेली. सगळं घर अळणी जेवलं आणि चंद्राबाईला नावं ठेवून उठलं. अशी सहा वर्षं काढल्यावर नवरा परत आला, तेव्हा तिनं त्याच्यापुढं एकच मागणं ठेवलं. "मला दागिना नगं, लुगडं नगं. माझी चूल, माझं मीठ, आन् पाडव्याला माझ्या दारात माझी गुढी."

पाडवा उद्यावर आला होता.

घर मात्र कृष्णातनं खास बांधलं होतं. ती कल्पना त्यानं जावा बेटावरून आणली होती. लढाई संपली असं जाहीर झाल्यावर त्याची पलटण घरी यायची ती जावात गेली. तिथल्या लोकांना आपलं राज्य हवं होतं, जसं आपल्याला आपलं हवं होतं. त्यात कृष्णात बंदूक घेऊन मधे कशाला उभा होता, हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. पण ठाण्याच्या शेजारी शेतकऱ्यांची एक वस्ती होती. भाताची खाचरं, नारळी, चिखलात लोळणाऱ्या म्हशी. तिथल्या कर्तो नावाच्या म्हाताऱ्याची म्हैस एकदा खाचरात रुतली. ती कृष्णातनं शेपटी पिरगाळून बाहेर काढली. तेव्हापासून दोघांचं जमलं. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, पण दोन शेतकऱ्यांना त्यावाचून अडत नाही.

त्या वस्तीत कृष्णातनं एक नवल पाहिलं. जमीन एकाची असायची, तीवरची नारळाची झाडं दुसऱ्याची, आणि घर तिसऱ्याचंच. घराच्या मेढी जमिनीत पुरलेल्या नसायच्या, सपाट दगडांवर नुसत्या उभ्या असायच्या. कुणाला जागा बदलायची झाली की तो शेजाऱ्यांना सांगायचा. सगळी वस्ती यायची, आडवे बांबू बांधायची, घर खांद्यावर घ्यायची आणि नव्या जागी नव्या दगडांवर नेऊन ठेवायची. मजुरी काही नाही. फक्त मधोमध भाताची उंच रास मांडायची, एक म्हातारा काहीतरी पुटपुटायचा, माणसं दोनचार घास खायची आणि बाकीचं पानात बांधून घरी न्यायची.

कर्तोनं त्याला एकदा खाणाखुणांनी विचारलं होतं, की तुमच्यात भाऊ भाऊ वेगळे झाले तर घर कोण उचलून नेतं? कृष्णातनं सांगितलं, घर जागच्या जागी राहतं, माणसं उठून जातात. कर्तोनं हे बायकोला हाक मारून सांगितलं, आणि ती दोघं किती तरी वेळ हसत बसली. ते हसणं कृष्णातच्या मनात राहिलं होतं. म्हणून खडकेवाडीत परत येऊन त्यानं घर बांधलं ते दगडांवर. फरक एकच केला. जावात चूल घराच्या मागं वेगळ्या आडोशाला असते. चंद्राबाईनं ती घरात, दाराजवळ घालून घेतली. जिच्यासाठी घर, तिची चूल बाहेर कशी असेल?

संध्याकाळी कृष्णातच्या दारात माणसं जमली. त्याचा दोस्त गुंडा, जो फौजेत खेचरांच्या कंपनीत होता आणि म्हणून कशालाच घाबरत नव्हता, म्हणाला की घर मोडावं आणि चार हात अलीकडे परत बांधावं. पण त्यात पंधरवडा जाणार होता. गुढी दुसऱ्याच्या जागेत उभारायला चंद्राबाई तयार नव्हती. पहिली गुढी वादातल्या जागेवर उभी केली तर जन्मभर वादच होईल, असं तिचं म्हणणं. आणि गुढीवाचून नव्या घरात राहायला यायचं नाही, म्हणजे पाडवा चुकला तर आणखी एक वर्ष बनुबाईच्या मिठात काढायचं. ती आत पुरणाची डाळ निवडत बसली होती, आणि आतून डाळ सुपात जोरात आपटल्याचा आवाज येत होता.

"मोडायचं कशाला?" कृष्णात म्हणाला. "उचलून ठिवूया की चार हात अलीकडं."

मग त्यानं जावाची हकिकत सांगितली. ती त्यानं यापूर्वीही पुष्कळदा सांगितली होती, पण कुणी खरी मानली नव्हती. आज मात्र घर समोर उभं होतं. हुसेननं, म्हणजे बैलांना नाल मारणाऱ्या हुसेनभाईनं, एका मेढीला खांदा लावून पाहिला, तर मेढ दगडावरून बोटभर वर आली. त्यासरशी गावाचा विश्वास बसला. राहता राहिला जेवणाचा विषय. कृष्णातनं प्रामाणिकपणे सांगितलं, की तिकडं दोनचार घास खाऊन माणसं उठतात.

"दोन घास?" गुंडा म्हणाला, आणि दोघे-तिघे उठून धोतरं झटकायला लागले. काम थांबलं असतं ते तिथंच.

"पुरणपोळी हाय," आतून चंद्राबाई म्हणाली. "पोटभर."

पाडव्याच्या सकाळी लोकांनी आपापल्या गुढ्या लवकर उभारल्या आणि कृष्णातच्या घराला बांबू बांधायला आले. निम्मे लोक फौजेतून आलेले होते, त्यांनी ठेवणीतले बूट घातले होते. कृष्णातनं चौफेर बांबू आवळले, निम्मी माणसं घराच्या आत आणि निम्मी बाहेर उभी केली. सगळं जावातल्यासारखं. फक्त मधोमध चंद्राबाई चुलीपुढं बसली होती. चुलीवर डाळ रटरटत होती. कृष्णातनं तिला बाहेर यायला सांगितलं.

"डाळ बोटचेपी झाली न्हाई अजून. आता उतरवली तर दडस ऱ्हाईल," ती म्हणाली. "तुमी उचला. मी बसल्या जागी बसते."

कृष्णातनं हात वर केला, फौजी आवाजात हुकूम दिला, आणि घर उठलं. खरोखर उठलं. पाचटातून थोडी धूळ पडली, एक मेढ करकरली, आणि तीसेक माणसांच्या खांद्यावर घर उभं राहिलं. खालून नुसते पाय दिसत होते. माणसं दोन पावलं अलीकडे सरकली, तशी चंद्राबाई घरातून बाहेर आली. म्हणजे ती जागची हलली नाही, घरच तिच्यावरून निघून गेलं. ती उघड्या रानात, उन्हात, चुलीपुढं पदर सावरून बसलेली दिसली. चूल मातीची, जमिनीला सारवून पक्की केलेली. ती कोण उचलणार? कृष्णातला तिची आठवणच झाली नव्हती. कशी होणार, जावात चूल घरात नसते.

पण त्याहून मोठी अडचण हुसेनभाईच्या लक्षात आली. तो पुढच्या कोपऱ्याखाली होता. "किसनाभाऊ," तो आतून म्हणाला, "घर ठिवायचं कशावर? दगुड?"

दगड जुन्या जागीच होते. जावात कर्तोच्या लोकांनी नवे दगड नव्या जागी आधीच मांडून ठेवलेले असत. पण ते कृष्णात बघायला पोचायच्या आधीच झालेलं असे. त्यामुळं दगड आपोआप येतात, अशी काहीतरी त्याची समजूत झालेली असावी. तो म्हणाला, तुमी जरा असंच धरून उभं ऱ्हावा, मी पहारीनं दगुड उपसून आणतो. आणि तो पळाला.

घर खांद्यावर घेऊन उभं राहणं हे बोलायला सोपं. आतल्या माणसांना बाहेरचं काही दिसत नव्हतं, बाहेरच्यांना पुढचं दिसत नव्हतं, आणि ज्याला सगळं दिसत होतं तो दगड उकरत होता. तेवढ्यात चैत्रातला वारा उठला. पाचटाचं रुंद छप्पर, वारा त्याच्या पोटात शिरला, आणि घर मागं फिरून, चुलीला वळसा घालून उतारानं चालू लागलं. माणसं घराला नेत नव्हती, घर माणसांना नेत होतं. गुंडाला वाटलं आता आपण हुकूम द्यायला हवा. तो ओरडला, "थम!" फौजी माणसांनी टाच आपटली आणि जागच्या जागी थांबली. शेतकरी माणसं आणखी दोन पावलं गेली. घर ताणलं गेलं, करकरलं. मग गुंडानं "बाएं मुड" म्हटलं, तर फौजी माणसं कवायतीत वळतात तशी आपण तेवढी वळली आणि घर त्यांच्या मानेवरून सरळ पुढं निघालं. त्यापुढं गुंडानं हुकूम द्यायचं सोडून दिलं.

चार हात सरकवायचं घर हद्द ओलांडून दादासोच्या रानात शिरलं. पुढं दादासोचं खळं होतं. शेणानं सारवलेलं, तळहातासारखं सपाट, आणि मधोमध उफणलेल्या शाळूचे दाणे वाळायला पसरलेले. दादासो खळ्यावर चिमण्या हाकत बसला होता. त्यानं वर पाहिलं, तर धाकट्या भावाचं घर पायानं चालत त्याच्याकडे येत होतं. तो उठला, आणि खळ्याच्या कडेला दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"आडवं व्हऊ नका, दादा," गुंडा घराआडून म्हणाला. "आमाला थांबता येत न्हाई."

"या की," दादासो म्हणाला. "पर पायताण काढून या."

यात त्याची चूक काही नव्हती. खळ्यावर धान्य असताना पायात काही घालून कुणी जात नाही, मग तो पाटील असो की फौजदार. शेतकरी अनवाणीच होते, पण फौजी माणसांच्या पायात बूट होते, आणि त्या बुटांना हातभर लांब नाड्या. खाली ठेवावं तर जागा उताराची. एका अंगानं घर टेकलं असतं आणि दुसऱ्या अंगानं कोलमडलं असतं. सपाट म्हणून एवढं खळंच होतं. हुसेनभाई म्हणाला, एकेकानं बूट काढा, बाकीच्यांनी तोलून धरा. एक वाकला की त्याचा भार शेजाऱ्यावर जायचा, शेजारी वाकला की पलीकडच्यावर. नाड्यांच्या गाठी घामानं भिजून बसल्या होत्या. वारा मागून ढकलत होता. हुसेनभाई स्वतः वाकला, तसा पुढचा कोपरा खाली यायला लागला. आणि तो कोपरा होता नेमका शाळूच्या अंगाला.

दादासोनं एक क्षण पाहिलं. मग त्यानं डोक्यावरचा पटका खांद्यावर घडी करून टाकला आणि भावाच्या घराच्या कोपऱ्याखाली शिरला.

खांदा दिला तर दिला, तो एकट्याचा झाला. बूट काढणारे सावकाश काढत होते. एकानं तर काढलेले बूट नीट जोडीनं ठेवले. दादासोच्या कपाळावरची शीर फुगली. कधी काळी याच खांद्यावर कृष्णात बसला होता. तेव्हा तो इतका जड नव्हता. शेवटचा बूट निघाला आणि घर अनवाणी खळ्यावर आलं. अगदी मधोमध, शाळूच्या वर. आतली माणसं शाळू वाचवत फाकून चालत होती.

"ठिवा," दादासो म्हणाला. "ठिवा खाली. हितंच. माझा खांदा गेला."

घर खाली बसलं. तेवढ्यात कृष्णात दोन्ही बगलेत दोन दगड घेऊन धापा टाकत आला. पाहतो तर घर नाही त्या जागी. त्याला कुणी काय सांगावं? कालपर्यंत त्याचं घर चार हात दादासोत होतं. आज ते सगळंच्या सगळं दादासोत होतं, आणि दादासोच्याच शब्दावर ठेवलेलं होतं. वर त्याच्या घरात दादासोचा शाळू होता. आत चिमणी एकही नव्हती. सकाळपासून चिमण्या हाकून दादासोचा घसा बसला होता, आणि छप्पर येताच त्या निघून गेल्या होत्या. ते दादासोच्या ध्यानात आलं, पण तो एवढंच म्हणाला की ऊन डोक्यावर यायच्या आत गुढी उभी करा, बाकीचं जेवल्यावर बघू. मग कृष्णातनं काठी आणली. तिला नवा खण बांधला, कडुनिंबाचा डहाळा आणि गाठी बांधली, वर तांब्या पालथा घातला. काठी उभी करताना वाऱ्यानं कलायला लागली, तेव्हा दादासोनं एका हातानं धरली. दुसरा हात वर होत नव्हता.

इकडं चंद्राबाई उघड्या रानात एकटी राहिली होती. नैवेद्य व्हायचा होता, तीस माणसांचं जेवण व्हायचं होतं, आणि वारा चुलीला जाळ धरू देत नव्हता. जाळ कधी डावीकडं पळे, कधी उजवीकडं. पुरणाखाली धग लागत नव्हती, आमटीत राख उडत होती. चंद्राबाईनं आधी पदरानं आडोसा करून पाहिला, मग सुपानं. तिचे डोळे भरून आले. धुरानं आले म्हणावं, तर धूर तिच्याकडे येतच नव्हता. एवढ्या हौसेनं घातलेली चूल, आणि पाडव्याच्या दिवशी तिला भिंत नाही.

मग एकाएकी जाळ सरळ झाला. चंद्राबाईनं वर पाहिलं. बनुबाई घरातलं काळं घोंगडं दोन्ही हातांनी वर धरून वाऱ्याच्या बाजूला उभी होती. जुन्या घरातली गुढी उभारून, नैवेद्य दाखवून ती आली होती. धाकट्या जावेची चूल उघड्यावर पडल्याचं तिला वाडीवस्तीवरच्या सगळ्या बायांनी सांगितलं होतं.

"कर तू," ती म्हणाली. "मी हाय उभी."

आणि ती उभी राहिली. पुरण वाटून झालं, पोळ्या लाटून झाल्या, एकेक करून भाजून झाल्या, आणि बनुबाई हात वर करून घोंगडं ताणून उभीच. हात खाली केला की वारा आत येई, म्हणून तिनं तो खाली केला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा ती चुलीजवळ होती आणि तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. कटाच्या आमटीला उकळी आली, तसे तिचे डोळे आमटीकडे लागले. नैवेद्याचं चाखता येत नाही. तिनं खूप धीर धरला.

"मीठ घातलंस न्हवं?"

"घातलं की," चंद्राबाई मागं न बघता म्हणाली.

दुपारी खळ्याच्या कडेला, बाभळीच्या सावलीत पंगत बसली. पुरणपोळी अशी झाली होती की गुंडानं दोन घासांची आठवण काढली, आणि लोकांनी त्याला हसून बोलूच दिलं नाही. मग वाट्यांत आमटी आली. पहिल्यानं हुसेनभाईनं भुरका मारला आणि वाटी खाली ठेवली. त्याच्या शेजाऱ्यानंही ठेवली. बघता बघता सगळ्या पंगतीच्या वाट्या खाली आल्या. आमटीत मिठाचा कण नव्हता. राख, धूर, वारा, उडालेलं घर, या सगळ्यात घातलं घातलं असं चंद्राबाईला वाटत राहिलं आणि घालायचं राहून गेलं.

पंगतीतल्या प्रत्येकाला मिठाची गोष्ट ठाऊक होती, आणि प्रत्येक जण आपल्या पानाकडे बघत होता. दादासोनं मात्र न राहवून बायकोकडे पाहिलं. चंद्राबाईनं ते पाहिलं. तिनं वाढता वाढता ओगराळ्याच्या कडेला लागलेला थेंब तळहातावर घेऊन चाखला. नैवेद्य झाला होता, आता चाखायला हरकत नव्हती. तिचं तोंड एकदम उतरलं. घर मागितलं, चूल मागितली, मीठ मागितलं. आणि नेमकं मीठच राहिलं. थोरल्या दिरासमोर ती बोलत नसे. ती तशीच आमटीचं भगुणं घेऊन बनुबाईपुढं आली, आणि मिठाचं मडकं तिच्यापुढं ठेवलं.

"आक्का," ती हळूच म्हणाली, "तुमीच घाला."

बनुबाईनं मडक्याकडे पाहिलं. हात उचलायला गेली, तर हात कोपरापासून वर होईना. इतका वेळ घोंगडं धरून दोन्ही हात आखडून गेले होते. तिनं पुन्हा एकदा प्रयत्न केला, मग स्वतःच हसली.

"माझं हात गेलं बाई. तूच घाल. मी बगते."

चंद्राबाईनं चिमूट घेतली, घातली, ढवळलं. आणखी एक घातली. मग पळी बनुबाईच्या ओठाला लावली. बनुबाईनं भुरका घेतला आणि डोळे मिटले. सगळी पंगत तिच्याकडे बघत होती. आणखी चिमूटभर हवं होतं. हे तिच्या जिभेला कळलं, तिच्या चेहऱ्यावर आलं, ओठापर्यंतही आलं.

"बरूबर हाय," ती म्हणाली.

लोक जेवले. दोन घास कुणी खाल्ले नाहीत आणि पानात बांधून न्यायला काही उरलंही नाही. उन्हं कलल्यावर कृष्णात उठून म्हणाला, चला गड्यांनो, घर जागेवर ठिवूया. कुणी हललं नाही. गुंडा तर बाभळीखाली आडवाच होता, आणि हुसेनभाई म्हणाला की आज मला कुणीतरी उचलून घरी ठेवा, मग घराचं बघू. कृष्णातनं दादासोला शोधलं. दादासो पंगतीतून केव्हाच उठून गेला होता.

तो खळ्यावर होता. वारा पुन्हा वाढला होता, पाचट फडफडत होतं. दादासो एका हातानं, दुसरा पोटाशी धरून, कालचाच दोर घराच्या मेढीला बांधत होता. दुसरं टोक त्यानं खळ्याच्या कडेच्या बाभळीला गुंडाळलं, पाय लावून ओढलं आणि गाठ मारली.

"दादा," कृष्णात म्हणाला, "ही जागा तुझी हाय."

"ठावं हाय मला." दादासोनं गाठीवर आणखी एक गाठ मारली. "तू मेढीकडची गाठ आवळ बघू नीट. वाऱ्यानं परत उठलं घर, तर आता खांदा द्यायला मला जमायचं न्हाई."